चौघं वर आहेत तोवर

९ जून

मास्तरीणबाई,

वर 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, मग खोडलं. ज्या घरातून तू दोन वर्षांपूर्वी एक बॅग आणि एक कुंडी उचलून निघून गेलीस, त्या घरातल्या सासूचा आशीर्वाद तुला कशाला हवा असेल? हे पाकीट तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचा पत्ता माझ्याकडे नाही आणि मुलाला विचारायची सोय नाही. तुझा विषय निघाला की तो ऑफिसच्या नकाशावर रेघ ओढता ओढता थांबतो आणि पेन्सिलीला टोक करत बसतो. टोक असलं तरी.

घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाही. एका शब्दासाठी लिहिते आहे.

तू गेल्यावर मी इंग्रजी पेपर बंद केला नाही. शब्दांची वही चालू आहे. आज पहिल्याच पानावर 'एक्सटेंडेड' आलं. तू ठेवून गेलेल्या डिक्शनरीत बघितलं. लांबवलेला, वाढवलेला. अंतराळ स्थानकावर दहा दिवसांसाठी गेलेल्या चौघांचा मुक्काम वाढलाय. तू बातमी वाचली असशीलच. ज्या यानातून ते परत यायचे त्याच्या पॅराशूटबद्दल शंका आहे म्हणे. कधी येतील ते कुणी सांगत नाही.

पेपर हातात धरून बसले आणि तुझा पहिला धडा आठवला. तू भाजी चिरत होतीस, पेपर ओट्यावर पसरलेला. मी विचारलं, "हे क्रू क्रू काय सारखं?" तू म्हणालीस, "क्रू म्हणजे एका यानातली माणसं, आई. एकमेकांशी पटो न पटो, बाहेर पडता येत नाही अशी." मी म्हटलं, "म्हणजे घरच की." तू इतकी हसलीस की सुरी खाली ठेवावी लागली.

बाकी काही नाही. माझं हॉस्पिटलच्या कापडखोलीतलं काम चालू आहे. रिटायर व्हायला सहा महिने उरलेत.

तुझी,
(कोण ते तूच ठरव)


२३ जून

मास्तरीणबाई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. म्हणजे, थोडं वाटलं होतं.

पॅराशूटचं काय झालं ते आता नीट कळलं. त्याच गठ्ठ्यातलं दुसरं एक पॅराशूट जमिनीवर तपासताना 'सीम'पाशी उसवलं. सीम हा शब्द आला आणि मी खुर्चीत सरळ बसले. सीम म्हणजे शिवण! बावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या चादरी आणि पेशंटचे गाऊन शिवते आहे, आणि जगातली एवढी मोठी बातमी येऊन थांबली कुठे, तर शिवणीवर. कापडखोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बटणवाली (तुला आठवते ना, एका डोळ्याला जाड भिंग लावून काजं करणारी) लगेच म्हणाली, "एकेरी टीप घातली असणार. दुहेरी घालायला काय धाड भरली होती?" आणि मग दिवसभर गाऊनच्या नाड्यांना स्वतः दुहेरी टीप घालत बसली.

आता दुसरं रिकामं यान पाठवून त्यांना आणणार. नवं पॅराशूट शिवून, तपासून, घडी घालून. पाच महिने लागतील म्हणतात.

संध्याकाळी आठ वाजता बटणवालीला घेऊन हॉस्पिटलच्या गच्चीवर गेले. पेपरात वेळ दिली होती. चादरी वाळत होत्या, चार रांगा, आणि वारा असा की सगळ्या एकदम फुगायच्या आणि एकदम खाली बसायच्या, जणू झोपलेल्या माणसाचा श्वास. त्यातल्या दोन रांगांच्या मधून आम्ही वर बघत होतो. आणि आलं ग. एक ठिपका, न लुकलुकणारा, कुणी निवांत दोरा ओढावा तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आवाज नाही, घाई नाही. मला वाटलं माझ्याच पायाखालची गच्ची हलते आहे आणि तो ठिपका जागच्या जागी आहे. बटणवाली हळूच म्हणाली, "त्यांना आपण दिसत असू का?" मी म्हटलं, "आपण नाही, पण चादरी दिसत असतील." खोटंच. पण त्या वेळी खरं वाटलं.

तू असतीस तर सांगितलं असतंस, किती किलोमीटर वर, ताशी किती वेगाने. तू शाळेतल्या मुलांना जसं सांगतेस तसंच मला सांगायचीस. मला लहान समजून नाही, मला समजेल असं समजून. हॉस्पिटलच्या कापडावर मी वीस वर्षं लाल दोऱ्याने 'ओटी' अशी अक्षरं काढत होते, ती कशाची हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तू सांगितलंस, ऑपरेशन थिएटर. मी म्हटलं, थिएटर म्हणजे नाटकाचं ना? तू म्हणालीस, "तिथेही पडदा असतो, आई. आणि तोंडाला रंग लावण्याऐवजी फडकं बांधतात."

एक गोष्ट तुला सांगायची आहे. आज नको. हे चौघं वर आहेत तोवर सांगायची, खाली उतरायच्या आत, असं मी मनाशी ठरवलंय. पाच महिने आहेत. घाई नाही.


११ जुलै

नवा शब्द, 'ब्लॅकआउट'. यान खाली येताना हवेशी घासून इतकं तापतं की काही मिनिटं त्याच्याशी बोलणं तुटतं. इकडून हाका मारत राहायचं, तिकडून उत्तर नाही. आतली माणसं असतात, धडधाकट असतात, पण ते कुणालाच कळत नाही.

हे वाचून मी मशीन थांबवलं.

तू जायच्या आधीचे ते आठ महिने. तू शाळेतून यायचीस, चप्पल काढता काढता विचारायचीस, "आई, टपाल आलं का?" मी म्हणायचे, "नाही ग." मग हात धुवायला जायचीस. पहिले पंधरा दिवस रोज विचारलंस. मग दिवसाआड. मग विचारायचं सोडलंस, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बोलायचं सोडलंस. सकाळचा पेपर तू घडी न मोडता माझ्या पुढ्यात ठेवायला लागलीस. "आज तुमचं तुम्ही वाचा, आई. डोकं दुखतंय." मी माझं मी वाचत होते. मला वाचता येत होतं, हीच तर गोष्ट आहे.

आज एवढंच. पुढचं लिहवत नाही.


२ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

आज बातमीत एक वाक्य आलं. नव्या यानाची चाचणी नीट झाली हे सांगायला अधिकारी 'प्लीज्ड' आहेत. हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागत नाही. त्याचा अर्थ मी तीन वर्षांपूर्वी एकदा नीट बघितलाय. कालपर्यंत वाटत होतं, नोव्हेंबर लांब आहे. पण मांजराने डोळे मिटले म्हणून दूध प्यायलेलं लपत नाही. ऐक.

तारांगणाचं पत्र आलं होतं.

तुला नकार आला नव्हता. उत्तर आलं नाही असंही झालं नव्हतं. ती निवेदिकेची जागा, जिच्यासाठी तू चार दिवस आरशासमोर उभी राहून ग्रहांची माहिती बोलून बघितलीस आणि मला श्रोता म्हणून स्टुलावर बसवलंस, ती जागा तुला मिळाली होती. तू शाळेत होतीस. पोस्टमनने दुपारी पाकीट माझ्या हातात दिलं. वर तारांगणाचा घुमट छापलेला होता. तुझं पाकीट मी फोडायला नको होतं. पण मला इंग्रजी वाचता यायला लागलं होतं ना! दुकानाची पाटी दिसली तरी वाचायचे, औषधाची बाटली वाचायचे, मग हे कसं सोडणार? वाटलं, आपण आधी वाचू आणि ती आली की तिला आपल्या तोंडाने सांगू.

पाऊण तास लागला. 'प्लीज्ड' म्हणजे आनंद होतो. 'सिलेक्टेड' मला येत होतं, अंतराळवीरांच्या बातमीत शंभरदा आलेलं. मग खाली 'पंधरा दिवसांत कळवा' आणि पुढे 'फेलिंग विच'. फेलिंग म्हणजे नापास होणं. मी गोंधळले. निवडलं म्हणतात आणि नापासही म्हणतात? आणि आता जे लिहिते ते लिहिण्यासाठी मी दोन महिने इकडचं तिकडचं लिहीत होते. तू नापास झालीस असं मला क्षणभर वाटलं, आणि मला आनंद झाला.

तेव्हा कळलं मला, माझ्या पोटात काय आहे ते.

तारांगण नऊ तासांच्या अंतरावर. तू जाणार. मुलगा त्याची नोकरी सोडून येणार नाही हे मला माहीत होतं, पण खरं सांगते, मुलाचा संसार मोडेल म्हणून मी घाबरले नाही. लोकांना सांगायला ते कारण बरं आहे, आणि स्वतःलाही मी बरेच दिवस तेच सांगत होते. मला भीती होती की सकाळी ओट्यापाशी मी एकटी उरेन. सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी काहीतरी शिकवत होतं. त्याआधी मला कुणी काही शिकवलं नव्हतं, फक्त कामं सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कारकुनाला विचारलं, "फेलिंग विच म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "म्हणजे 'नाही तर'." तेव्हा सगळं कळलं. कळल्यावरही गप्प बसले, म्हणून अर्थ समजला नव्हता ही पळवाट मला नाही. उद्या देऊ म्हणत मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली ठेवलं. उद्याचे पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी ते पत्र म्हणजे नुसता कागद झाला, आणि मी काय झाले ते तू ठरव.

पत्र सोबत पाठवते आहे. पाकीट मी सुरीने फोडलंय, नीट. कडा फाटलेली नाही. त्याचं कौतुक नको करूस.

काल मुलालाही सांगितलं. तो टेबलापाशी बसून नकाशावर नदीला निळा रंग देत होता. मी सगळं सांगून होईपर्यंत त्याने ब्रश उचलला नाही. एकाच जागी निळा डाग पसरत गेला.

"आई," तो म्हणाला, "मी तिला काय म्हणालो होतो माहितीये? त्यांनी साधं उत्तरही पाठवलं नाही, म्हणजे तुझी लायकी काय ते समज. असं म्हणालो होतो. दोनदा."

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला हे कुणी सांगितलं नाही."

"आणि तू आम्हाला सांगितलंस?" तो म्हणाला.

नकाशा त्याला पुन्हा काढावा लागला. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. त्याचं काही चुकत नाही. तुझ्याबद्दल त्याने पुढे काही म्हटलं नाही, पण कालपासून पेन्सिलीला टोक करणं थांबलंय.

माफी हा शब्द मी लिहीत नाही. तो मागणाऱ्याला स्वस्त पडतो.


१४ ऑगस्ट

तू फोनवर म्हणालीस, लिहू नका, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही, वहीतच ठेवते. कापडखोलीतल्या फोनवर तुझा आवाज आला तेव्हा मशीन चालू होतं, आणि बटणवालीने धावत जाऊन चाक हाताने धरलं. तू फार बोलली नाहीस. जे बोललीस ते विसरण्याआधी लिहून ठेवते. विसरणार नाही, तरी.

"पत्र मिळालं. मी त्या वर्षापासून कुठेही अर्ज केला नाही. एकही नाही. मला वाटलं, माझा आवाजच वाईट असेल. वर्गात मुलांना शिकवतानाही मी हळू बोलायला लागले होते."

मी म्हटलं, "तुझा आवाज..."

"थांबा," तू म्हणालीस. "तुम्ही बोलू नका. मला रागवायचंय आणि मला ते नीट जमत नाहीये, कारण पत्रात तुम्ही गच्चीवरच्या चादरींचं लिहिलंय. ते लिहायला नको होतं. मला वेळ लागेल. तोवर लिहू नका."

मग फोन ठेवल्याचा आवाज. कापडखोलीत सगळ्या आपापल्या शिवणीत डोकं घालून बसल्या होत्या, इतक्या की एकीने उलट्या बाजूने बाही जोडली.

तुझा आवाज खणखणीत आहे. तेवढंच सांगायचं होतं.


१९ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

आता लिहायला हरकत नाही, कारण तूच लिहायला सांगितलं आहेस.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. चार ओळी. अगदी शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारख्या. तारांगणाला तू ते जुनं पत्र दाखवलंस, जागा पुन्हा रिकामी आहे, पण त्यांच्या फाइलमध्ये तुझ्या नावापुढे 'उत्तर दिलं नाही' असा शेरा आहे. संचालकबाई म्हणतात, कारण लेखी द्या. आणि शेवटची ओळ: 'कारण तुम्ही लिहा. इंग्रजीत. मी तपासणार नाही आणि सुधारणार नाही.'

तीन दिवस लागले. कापडखोलीतल्या मोठ्या टेबलावर, जिथे आम्ही चादरी बेततो, तिथे जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. बटणवालीने कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. वहीत आता सहाशे चाळीस शब्द आहेत, मी मोजले. त्यातले निम्मे माझ्या काय कामाचे? कॅप्सूल, ऑर्बिट, थ्रस्टर. 'मी लपवलं' हे सांगायला एकही धड शब्द त्यात नव्हता. सासू हा शब्दही नव्हता. तो डिक्शनरीत शोधला तर त्यात 'लॉ' निघाला, कायदा. म्हटलं, बरोबर आहे, प्रकरण कायद्याचंच आहे.

सुरुवात अशी केली: 'शी डिड नॉट फेल. आय फेल्ड.' पुढे लिहिलं की पत्र मी घेतलं, मी वाचलं, मी ठेवलं, तिला सांगितलं नाही. वाचायला तिनेच शिकवलं, हेही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती, पण ते गाळलं असतं तर बाकीचं सगळं अर्धं खरं झालं असतं. काळ चुकले असतील, स्पेलिंग चुकली असतील. कारकुनाने सुधारून देतो म्हटलं, त्याला हात लावू दिला नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, आणि हॉस्पिटलचा पत्ता दिला, म्हणजे खातरजमा करायची असेल तर करता येईल.

टपालात टाकून परत आले तर कापडखोलीत रेडिओ लावलेला. चौघं निघाले होते. ती ब्लॅकआउटची मिनिटं आम्ही सगळ्यांनी ऐकली, म्हणजे काहीच ऐकलं नाही. नुसती खरखर. इस्त्रीवाली इस्त्री हवेत धरून उभी. मग खरखरीतून यानातल्या एका बाईचा आवाज आला, अगदी साधा, जणू दार उघड म्हणतेय. यानाची तीन पॅराशूट उघडली होती. तिन्ही. बटणवाली म्हणाली, "बघ, दुहेरी टीप!" आणि पदराने डोळे पुसायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं दुहेरी आहे म्हणून.


८ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुला जागा मिळाली हे तू मला कळवलं नाहीस. कळवायलाच हवं होतं असंही नाही. मुलाने सांगितलं. त्याने तुला पत्र लिहिलं होतं म्हणे, ते दोनदा बोललेलं वाक्य परत घ्यायला, आणि तू त्याला एका ओळीत उत्तर पाठवलंस. काय ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही आता सकाळी एकत्र चहा घेतो. तो वहीत डोकावून एखादा शब्द विचारतो. उच्चार माझ्याहून वाईट आहे.

मी रिटायर झाले. पहाटेची बस धरून काल मी तारांगणात आले होते. न सांगता आले, ही माझी खोड जाणार नाही बहुतेक. दुपारी तीनचा खेळ. शेवटच्या रांगेत बसले, बाजूला शाळेच्या मुली, गोंगाट, चॉकलेटचे कागद. मग दिवे मंद होत गेले, इतके हळू की कधी गेले ते कळलं नाही, आणि भर दुपारी डोक्यावर रात्र उतरली. खुर्ची मागे कलते हे मला माहीत नव्हतं. मी कलले आणि कुठे आहे तेच विसरले. अंग हलकं झालं. वरचे तारे सरकत होते की मी, सांगता येईना.

आणि तुझा आवाज आला. अंधारात, सगळीकडून. खणखणीत. तू म्हणालीस, "घाबरू नका. डोळ्यांना थोडा वेळ द्या. हळूहळू दिसायला लागेल." मुली गप्प झाल्या. तू मराठीत सांगत होतीस आणि मध्येच एखादा इंग्रजी शब्द यायचा, तो आला की तू क्षणभर थांबायचीस आणि त्याचा अर्थ सांगायचीस. ऑर्बिट म्हणजे घिरटी, पण घसरत घसरत घातलेली, कधी खाली न पडणारी. माझ्या वहीत मी नुसतं 'कक्षा' लिहिलंय. आता बदलेन. शेजारच्या मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, "नाही ग, मान अवघडली."

दिवे लागले. बाहेर पडायच्या दारापाशी एक पायरी आहे, अंधारातून आल्यावर न दिसणारी, आणि तू तिथे उभी राहून प्रत्येकाला सांगत होतीस, "पायरी आहे, जपून. पायरी आहे, जपून." मी रांगेत होते. मागे फिरावं असं वाटलं, पण मागे तीस मुली होत्या. तू मला पाहिलंस. तुझा चेहरा मला वाचता आला नाही, तेवढं माझं शिक्षण झालेलं नाही.

मला तू ते वाक्य म्हणाली नाहीस. माझा कोपर धरलास, पायरी उतरेपर्यंत धरून ठेवलास, आणि मग मागच्या मुलीकडे वळलीस.